नाव ऐकून भाषा ठरवू नका, आधी विचारा

(लोणावळ्यातील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून शिक्षण, रोजगार, शिष्यवृत्त्या यांवर चर्चा झाली. आता एक इंजिनिअर उभा राहून वेब सर्व्हरबद्दल बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेतले दोन-तीन जण चहाकडे बघायला लागलेत. तुमचं चुकत नाही. पण अर्धा तास कळ काढा. विषय सर्व्हरचा असला तरी प्रश्न आपलाच आहे. समोर आलेल्या माणसाला कोणत्या भाषेत आणि कोणत्या रूपात उत्तर द्यायचं, हे कुणी ठरवायचं? देणाऱ्याने, की घेणाऱ्याने?

तुमच्यापैकी बरेच जण पुण्याहून लोकलने आलात. लोणावळा स्टेशनच्या पाटीवर गावाचं नाव तीनदा लिहिलेलं असतं: मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. कारण उघड आहे. गाडीतून कोण उतरणार, त्याला काय वाचता येतं, हे पाटीला कळायचा मार्ग नाही. म्हणून ती सगळं एकदम दाखवते. तीन ओळींच्या पाटीला हे जमतं. वीस पानांचा अर्ज तीन भाषांत एकाखाली एक छापला, तर मात्र कुणालाच काही सापडणार नाही.

वेब सर्व्हरची गोष्ट वेगळी आहे. त्याच्याकडे येणारा प्रत्येक प्रवासी खिशात चिठ्ठी घेऊन येतो. तुम्ही फोनवर एखादा पत्ता टाकता, तेव्हा ब्राउझर नुसतं "हे पान द्या" म्हणत नाही. सोबत काही ओळी पाठवतो, त्यांना हेडर म्हणतात. त्यातल्या तीन ओळी आज आपल्या कामाच्या आहेत. पहिली 'ॲक्सेप्ट': मला कोणत्या प्रकारचा मजकूर चालेल, एचटीएमएल, जेसन, कोणत्या प्रकारचं चित्र. दुसरी 'ॲक्सेप्ट-लँग्वेज': मला कोणत्या भाषा चालतील. तिसरी 'ॲक्सेप्ट-एन्कोडिंग': मजकूर दाबून लहान केलेला असेल, तर कोणत्या पद्धतीने दाबलेला मला उलगडता येतो.

या व्यवहाराला इंग्रजीत कंटेंट निगोशिएशन म्हणतात. मी त्याला सरळ 'बोलणी' म्हणतो. ही कल्पना नवी नाही. १९९७ च्या जानेवारीत एचटीटीपी १.१ चं पहिलं प्रमाणपत्रक निघालं, त्यात तिचे नियम सविस्तर आहेत. २०२२ च्या जूनमध्ये निघालेल्या आरएफसी ९११० मध्येही त्या चिठ्ठीचा आराखडा जवळपास तोच आहे.

चिठ्ठीत फक्त यादी नसते, पसंतीचा क्रमही असतो. प्रत्येक पर्यायापुढे 'क्यू' नावाचा आकडा लिहिता येतो, शून्य ते एकच्या दरम्यान. काही लिहिलं नाही, तर एक धरायचा. समजा तुमच्या ब्राउझरने पाठवलं: मराठी, उर्दू, क्यू ०.८, इंग्रजी, क्यू ०.५. याचा अर्थ असा: मराठी असेल तर तीच द्या, नसेल तर उर्दू द्या, तीही नसेल तर इंग्रजीवर भागवीन. आणि एखाद्या पर्यायापुढे शून्य लिहिलं, तर अर्थ होतो, हे मला नकोच.

सर्व्हर ही चिठ्ठी वाचतो, आपल्याकडे काय आहे ते बघतो, दोन्हींचा मेळ घालतो आणि उत्तर देतो. उत्तरासोबत तोही एक चिठ्ठी पाठवतो: मी दिलेला मजकूर या प्रकारचा आहे, या भाषेत आहे. म्हणजे मागणारा आपली पसंती सांगतो, देणारा आपण काय दिलं ते सांगतो. दोघांच्याही बाजूने लपवाछपवी नाही.

यामागे एक विचार आहे, तो नीट लक्षात घ्या. वस्तू एक असते, तिची रूपं अनेक असतात. मावळातल्या माणसाला याचं उदाहरण सातबाऱ्यावरून लगेच कळेल. गट नंबर एक, जमीन एक, अधिकार अभिलेख एक. पण महाभूलेखच्या संकेतस्थळावर तुम्ही तो नुसता पाहण्यासाठी उघडता, तेव्हा मिळणारं रूप वेगळं. कायदेशीर कामाला लागतो तेव्हा पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा घेता, ते रूप वेगळं. आणि एखाद्या संगणकाला तीच माहिती दुसऱ्या संगणकाकडून हवी असेल, तर त्याला ना सही दिसते ना चौकट. त्याला हवे असतात ओळीने मांडलेले रकाने. सातबाऱ्याची ही रूपं वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळतात, पण कल्पना तीच आहे. बोलणीत एवढंच जास्त होतं की पत्ता एकच राहतो आणि मागणाऱ्याच्या चिठ्ठीप्रमाणे रूप बदलतं.

ही फक्त पुस्तकातली गोष्ट नाही. डेबियन या मुक्त संगणक प्रणालीचं संकेतस्थळ वर्षानुवर्षं याच पद्धतीने तुमच्या ब्राउझरची भाषा बघून पान देतं. विकिडेटावर एखाद्या गावाचा पत्ता ब्राउझरने मागितला तर वाचायचं पान मिळतं, प्रोग्रॅमने जेसन मागितलं तर जेसन मिळतं. इथे प्रकल्प किंवा प्रबंध लिहिणारे कुणी असतील, तर त्यांच्यासाठी आणखी एक सांगतो. संशोधन लेखाचा डीओआय पत्ता साध्या ब्राउझरमध्ये उघडला तर लेखाचं पान येतं. तोच पत्ता 'ॲक्सेप्ट' मध्ये बिबटेक मागून उघडला, तर बहुतेक लेखांसाठी संदर्भसूचीची तयार नोंद हातात येते. अलीकडे काही एआय साधनं मजकूर वाचायला येतात तेव्हा एचटीएमएल ऐवजी साधं मार्कडाउन मागतात. तीही हीच बोलणी.

आता घाटाकडे वळू. कर्जत ते लोणावळा या टप्प्यात गाडी बोगद्यात शिरली की फोनचं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात पवन मावळातल्या गावांमध्ये नेटवर्कची काय तऱ्हा असते, तेही माहीत आहे. तिथे प्रत्येक किलोबाइट मोजावा लागतो. 'लोणावळा' हा शब्द घ्या. इंग्रजी अक्षरांत लिहिला तर आठ बाइट. देवनागरीत सात चिन्हं होतात, पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे एकवीस. उर्दूचं अक्षर दोन बाइट घेतं. म्हणजे मराठी पान इंग्रजी पानापेक्षा मुळातच जड. पण 'ॲक्सेप्ट-एन्कोडिंग' मध्ये ब्राउझर सांगत असतो की मला जीझिप किंवा ब्रॉटली उलगडता येतं. सर्व्हरवर ते चालू केलं, की मराठी पान बरंच हलकं होऊन जातं, कारण देवनागरीचे तेच तेच बाइट पुन्हा पुन्हा येतात आणि ते दाबायला सोपे असतात. हे न करणं म्हणजे मराठी वाचणाऱ्याच्या डेटा पॅकमधून फुकट पैसे कापणं.

चित्रांचंही तसंच. नवे ब्राउझर सांगतात, मला वेबपी चालेल, एव्हीआयएफ चालेल. गुगलच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे त्याच दर्जाचं वेबपी चित्र जेपेगपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान असतं. जुना फोन असेल, तो हे काही सांगणार नाही, त्याला जेपेग द्या. नव्याला नवं, जुन्याला जुनं, आणि दोघांनाही चित्र दिसलं पाहिजे. जुना फोन आहे म्हणून कुणाला दारातून परत पाठवायचं नाही.

आता मी मुख्य मुद्द्याला येतो.

आपल्यापैकी किती जणांना हा अनुभव आहे? फोनवर तुम्ही मराठीत बोलायला सुरुवात करता. समोरचाही मराठीत बोलतो. मग तो नाव विचारतो. तुम्ही शेख, तांबोळी, पठाण, मुलाणी जे असेल ते सांगता आणि पुढचं वाक्य हिंदीत येतं. (हशा.) हसताय, म्हणजे सगळ्यांनाच आहे. "तुम्ही मराठी फार छान बोलता हो," हे कौतुकही आपण ऐकलंय. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी चारशे वर्षांपूर्वी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. बार्शीच्या अमर शेखांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा भारल्या. तरी आपल्या मराठीचं कौतुक अजून संपत नाही.

समोरच्याचा हेतू वाईट असतो असं नाही. तो सोय म्हणूनच भाषा बदलतो. पण तो चिठ्ठी वाचत नाही, तर्क करतो. आणि तर्क किती चुकतो, ते आकड्यांत बघू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमानांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख होती. त्याच जनगणनेत मातृभाषा उर्दू सांगणारे सुमारे ७५ लाख होते. उर्दू सांगणारा प्रत्येक माणूस मुसलमानच आहे असं धरलं, तरीही सुमारे ५४ लाख मुसलमानांनी दुसरी कुठली तरी मातृभाषा सांगितली. म्हणजे नावावरून उर्दू ठरवणारा प्रोग्रॅम कुणी लिहिला, तर तो दहापैकी किमान चार वेळा चुकेल. सगळ्या मुसलमानांना मराठीच द्यायची असं ठरवलं, तर त्याहूनही जास्त वेळा चुकेल. उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलीला उर्दू मागण्याचा तेवढाच हक्क आहे. नावात भाषा नसते. भाषा माणसाच्या तोंडी असते, म्हणून त्यालाच विचारायची.

हीच चूक संकेतस्थळं वेगळ्या वाटेने करतात. काही जण फोनचा आयपी पत्ता बघून भाषा ठरवतात. आता आपण इथे लोणावळ्यात बसलोय, पण मोबाइल कंपनीची जोडणी मुंबईहून बाहेर पडत असेल, तर सर्व्हरला आपण मुंबईत दिसू. जागेवरून भाषा ठरवणंही तर्कच झालं. लोणावळ्यात शनिवारी-रविवारी गुजरातीपासून तमिळपर्यंत काय काय ऐकू येतं, ते चिक्कीच्या दुकानदाराला विचारा. तो गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकतो, मग त्याच भाषेत भाव सांगतो. सर्व्हरने एवढं तरी करावं.

मात्र चिठ्ठी वाचली की काम संपलं, असंही नाही. इथे चार अडचणी आहेत. पुढे तुमच्यापैकी जे कुणी हे काम करतील, त्यांनी त्या टिपून ठेवाव्यात.

पहिली: चिठ्ठी माणसाने लिहिलेली असतेच असं नाही. फोन दुकानातून घेतला, दुकानातल्या मुलाने भाषा इंग्रजी करून दिली, पुढे कुणी बदललीच नाही. आता आजीचा फोन प्रत्येक सर्व्हरला सांगतोय, "मला इंग्रजी द्या." म्हणून चिठ्ठीवरून पहिलं पान द्या, पण पानावर भाषा बदलायची ठळक जागा ठेवा. 'मराठी' हे मराठीत लिहा, 'उर्दू' हे उर्दू लिपीत लिहा. झेंडे लावू नका, भाषेला झेंडा नसतो. आणि माणसाने एकदा स्वतः निवड केली, की ती लक्षात ठेवा. माणसाचा शब्द ब्राउझरच्या चिठ्ठीपेक्षा मोठा.

दुसरी: कॅशे. सर्व्हर आणि वाचक यांच्यामध्ये अनेक ठिकाणी पानाची प्रत साठवली जाते, म्हणजे दरवेळी मूळ सर्व्हरपर्यंत जावं लागत नाही. समजा पहिल्याने उर्दू पान मागितलं, मधल्याने ते साठवलं. दुसऱ्याने त्याच पत्त्यावर मराठी मागितली, तर मधला त्याला साठवलेलं उर्दू पान देऊन मोकळा होईल. हे टाळायला उत्तरात 'व्हेरी' नावाचा हेडर पाठवतात. त्याचा अर्थ, हे उत्तर मागणाऱ्याच्या भाषेप्रमाणे बदलतं, प्रत्येक भाषेची प्रत वेगळी ठेवा. एका ओळीचा हेडर, पण तो विसरला की सगळी बोलणी फुकट.

तिसरी: शोधयंत्र. गुगलचा बॉट पानं वाचायला येतो तेव्हा भाषेची चिठ्ठी आणत नाही. तुमची मराठी आणि उर्दू पानं एकाच पत्त्यामागे असतील, तर त्याला त्यातलं एकच दिसेल आणि दुसऱ्या भाषेत शोधणाऱ्याला तुमचं पान सापडणारच नाही. म्हणून प्रत्येक भाषेच्या पानाला स्वतःचा पत्ता द्या आणि बोलणी फक्त मुख्य दारावर करा. दारावर चिठ्ठी बघायची, योग्य खोलीकडे पाठवायचं, पण प्रत्येक खोलीला स्वतःचं दारही ठेवायचं. म्हणजे कुणी व्हॉट्सॲपवर मराठी पानाचा दुवा पाठवला, तर उघडणाऱ्याला मराठीच पान मिळेल.

चौथी: काहीच जुळलं नाही तर? कन्नडच मागणारा आला आणि तुमच्याकडे कन्नड नाही. नियमांत ४०६ क्रमांकाचं उत्तर आहे: तुम्हाला चालेल असं माझ्याकडे काही नाही. पण भाषेच्या बाबतीत हे उत्तर देऊ नका, असंच प्रमाणपत्रकही सुचवतं. त्या माणसाला थोडं मराठी येत असेल, शेजाऱ्याकडून वाचून घेईल, यंत्राने भाषांतर करेल. दार बंद करण्यापेक्षा आहे ते द्या, आणि हे कोणत्या भाषेत आहे ते सांगा.

आता एक कल्पना करा. वडगाव, कामशेत, तळेगाव इथल्या मुलांसाठी शिष्यवृत्तीची माहिती देणारं एक छोटं संकेतस्थळ तुम्ही चार जण मिळून काढलंत. मराठी आणि उर्दू, दोन भाषा. तळेगावची डिप्लोमाची विद्यार्थिनी येते, फोन इंग्रजीत. तिला मराठी पान मिळतं, कारण इंग्रजी नसेल तर मराठी, असं तुम्ही ठरवून ठेवलंय. अपाचे सर्व्हरमध्ये यासाठी 'लँग्वेज प्रायॉरिटी' नावाची सोय आहे. तिची दादी शेजारी बसलीय, ती उर्दूवर बोट ठेवते, पान उर्दूत येतं आणि उजवीकडून डावीकडे वाहतं. हे वाहणं आपोआप होत नाही, पानाला दिशा सांगावी लागते. ती विसरली की आकडे आणि विरामचिन्हं भलतीकडे जातात. तिसरा एक मुलगा अंतिम तारखांची आठवण करून देणारं ॲप बनवतोय, त्याला जेसन हवंय. तिघांसाठी माहिती एकच, तारीख एकच. मराठी पानावर ३० तारीख आणि उर्दू पानावर जुनी २० तारीख, असं झालं तर कुणाचं तरी वर्ष जाईल. म्हणून माहिती एकाच जागी ठेवा आणि रूपं तिच्यातून तयार करा. दोन भाषांत काम करणाऱ्यांनी यात चालढकल करू नये. भाषांतर मागे पडलं की दुसऱ्या भाषेचा वाचक दुय्यम नागरिक होतो.

शेवटचा मुद्दा जरा गंभीर आहे. चिठ्ठीत मी माझ्या भाषा लिहितो, म्हणजे माझ्याबद्दल काहीतरी सांगतो. मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी अशी यादी पाठवणारे फोन तुलनेने थोडे असतील. त्यावरून माणसाचा माग काढणं सोपं होतं, आणि उर्दू दिसली की त्याच्या धर्माचा अंदाजही बांधता येतो. ही भीती मी उगाच घालत नाही. संपूर्ण भाषायादी प्रत्येक वेळी पाठवणं खासगीपणाच्या विरोधात जाऊ शकतं, असा इशारा प्रमाणपत्रकातच आहे, आणि काही ब्राउझर म्हणूनच एकच भाषा पाठवतात. आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या मुळाशी साधी गोष्ट आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली, त्याच कामासाठी वापरा. तुम्ही इंजिनिअर व्हाल, तेव्हा कुणीतरी तुम्हाला सांगेल, "ही भाषेची माहिती साठवून ठेवू, जाहिरातीला उपयोगी पडेल." तेव्हा विचारा, कशासाठी? भाषा पान देण्यासाठी सांगितली होती. पान दिलं, काम झालं. ती माणसाच्या नावापुढे कायमची चिकटवायची नाही. विचारणं आणि नोंद ठेवणं यांत फरक आहे. पहिलं आदराचं आहे, दुसऱ्याला कारण लागतं.

आज रात्री घरी गेल्यावर दोन कामं करा. फोनच्या आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषांची यादी बघा. तुम्हाला मराठी हवी असेल तर ती सगळ्यात वर ठेवा, उर्दू हवी असेल तर उर्दू ठेवा. घरातल्या मोठ्यांचा फोनही बघा, पण त्यांना विचारून. आणि ज्यांना कोडिंग येतं, त्यांनी आपल्या कॉलेजचं किंवा ग्रामपंचायतीचं एखादं पान उघडून ब्राउझरच्या नेटवर्क खिडकीत त्याचे हेडर वाचा. सर्व्हर तुमची चिठ्ठी वाचतोय का, ते कळेल. वाचत नसेल, तर तिथे एक नम्र अर्ज द्या, मराठीत. मराठी पान मिळणं ही कुणाची मेहरबानी नाही, १९६४ च्या राजभाषा अधिनियमापासून मराठी ही या राज्याच्या कारभाराची भाषा आहे.

मागणाऱ्याने काय हवं ते सांगायची आणि देणाऱ्याने ते ऐकायची पद्धत यंत्रांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लिहून ठेवली. उद्या सर्व्हर तुमच्या हाती येतील, काउंटरच्या पलीकडे तुम्ही बसाल. तेव्हा समोर आलेल्याचं नाव, टोपी, कुंकू, पत्ता बघून उत्तराची भाषा ठरवू नका. तो काय मागतोय ते ऐका आणि आपल्याकडे जे सगळ्यात जवळचं असेल ते द्या.

आता प्रश्न विचारा, कोणत्याही भाषेत. मला येत असेल त्या भाषेत उत्तर देईन, आणि चहा आता खरंच आलाय.